मूळ प्रत

डेपोत, चहाच्या यंत्राच्या वर
नोटीस मीच चिकटवलीय:
कामावर असताना चालकाने मूळ परवाना जवळ बाळगावा.
मोबाइलमधला फोटो चालणार नाही.
खाली कुणीतरी पेनने लिहिलंय,
'आणि बस? ती चालली तर चालेल?'

अक्षर इथेल प्रॉबर्टचं.
मी ते खोडलं नाही.

सोमवारी पहाटे पाच चाळीसची गाडी.
ऱ्होंडाच्या दरीत अजून काळोख,
काचांवर आतून वाफ.
मी पुढच्या सीटवर, मांडीवर तपासणीची वही.
'परवाना, इथेल.'
'घरी आहे.'
'घरी कशाला?'
'घरी हरवत नाही.'

एकतीस वर्षं तो याच रस्त्यावर आहे.
म्हणाला, पोलिसांनी मागितला तर सात दिवसांत
ठाण्यात नेऊन दाखवीन, कायदा तेवढा वेळ देतो.
प्रशिक्षणाचं कार्ड लागतं, ते हे बघ, गळ्यात आहे.
तुझी नोटीस कायद्याहून मोठी कधी झाली?
मी म्हणालो, पगार कायदा देत नाही.
आणि म्हणताक्षणीच वाटलं,
हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

त्याला ट्रेव्हिसचं सांगितलं नाही.
ट्रेव्हिसच्या परवान्याची मुदत संपून
चार महिने झाले होते, डॉक्टरने सही दिली नव्हती,
आणि कुणी विचारलं नाही
कारण तोही सगळ्यांच्या ओळखीचा.
शाळेच्या वळणावर त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं.
गाडी कुंपणात शिरून थांबली. नशीब, सुट्टी होती.

नियमाप्रमाणे गाडी तिथेच उभी करायची.
मागे अकरा माणसं:
हॉस्पिटलात फरशी पुसणारी ओल्वेन,
बेकरीतला पोरगा, तोंड उघडं टाकून झोपलेला,
रात्रपाळी संपवून निघालेली मारिसेल.
कुणाकडे बघावं मला कळेना.
वहीकडे बघितलं.

इथेल काही बोलला नाही.
सातव्या स्टॉपच्या थोडं पुढे,
जिथे स्टॉप नाही, तिथे त्याने ब्रेक लावला
आणि दोनदा हॉर्न.
वरची खिडकी उघडली. केसांत क्लिपा, ग्वेनलियन.
'कोण मेलं?'
'परवाना टाक!'
'कुठला?'
'बसचा!'
'तो का लागतोय? आजवर लागला नाही तो!'
मग ड्रॉवर ओढल्याचे आवाज. चार मिनिटं.
ओल्वेन म्हणाली, बिस्किटांचा डबा बघ म्हणावं,
माझा नवरा सगळं त्यातच कोंबतो.
अख्खी बस आता त्या घरात शोधत होती.

शेवटी खिडकीतून मोजा आला,
आत कार्ड, वर गाठ.
पडला शेजाऱ्याच्या शेडच्या छपरावर.
बेकरीतला पोरगा जागा झाला,
कचऱ्याच्या पेटीवर चढून त्याने तो काढला.

मग ते कार्ड माझ्याकडे सरळ आलं नाही.
शेवटच्या सीटपासून हातोहात आलं.
मारिसेलने फोटो दिव्याखाली धरला: 'दाढी होती?'
ओल्वेनने मुदत मोठ्याने वाचली, मार्चपर्यंत आहे हं.
मागून कुणी ओरडलं, इथेल व्हॅलेन्टाइन प्रॉबर्ट!
व्हॅलेन्टाइन!
एकतीस वर्षं ही माणसं त्याच्या पाठीमागे बसली
आणि त्याच्या मानेवरचा तीळ ओळखतात,
मधलं नाव त्यांना आज कळलं.
आरशात त्याचे कान लाल दिसले.

माझ्या हातात आलं तेव्हा कार्ड गरम होतं.
मागच्या बाजूला रकान्यात तिळाएवढी बस,
ड्रायव्हर नसलेली.
मी क्रमांक लिहून घेतला.
उशीर: अकरा मिनिटं. कारण:
तिथे बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका वाढत गेला.

घरी गेल्यावर कोटाच्या खिशात हात घातला तर
निळा मोजा, टाच रफू केलेली.

दुसऱ्या दिवशी नोटिशीखाली, त्याच अक्षरात:
'मोजा मूळच परत हवा.
फोटो चालणार नाही.'