कुऱ्हाडे यांची पाटी

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत
मुनाफनं नि मी अर्धे-अर्धे पैसे घालून
मशीन घेतलं. सेकंडहँड. चार बाय आठ.
ट्रकवरून उतरवताना हमाल म्हणाला,
एवढं मोठं टेबल, आणि बसायला खुर्ची नाही?

मशीन मुकं असतं. त्याला सांगावं लागतं.
कुठल्या भाषेत सांगायचं, तेवढं ठरायचं होतं.

तीस वर्षं भोसरीत पॅटर्न केले मी,
सागाचे, ओतकामासाठी.
माझ्या पट्टीवरचा इंच इंचापेक्षा जरा मोठा,
कारण बीड थंड होताना आकसतं.
हे हाताला ठाऊक होतं.
माउसला नव्हतं.

पहिलं सॉफ्टवेअर शमिकानं टाकून दिलं,
शेजारच्या फ्लेक्सवाल्याची मुलगी.
उघडलं तर विमान चालवायची खोली:
बटणंच बटणं, प्रत्येकाच्या पोटात आणखी बटणं.
एक चौकोन काढायला गेलो, तर विचारतं,
कुठल्या प्रतलावर?
मी म्हटलं, बाबा, प्लायवर.

दुसरं फुकट होतं. तीस दिवस.
एकतिसाव्या सकाळी
माझीच रेघ मला दिसत होती, हलत नव्हती,
काचेमागच्या पेढ्यासारखी.

तिसरं साधं. पांढरा कागद, डाव्या हाताला सहा अवजारं.
त्यानं तीनच गोष्टी विचारल्या:
लाकूड किती जाड,
बिट किती जाड,
आणि शून्य कुठं धरायचं.
भोसरीत शून्य फोरमन धरायचा.
मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसलो,
मग डावा खालचा कोपरा धरला,
जिथून सही करतात त्याच्या बरोबर उलटा.

काम आलं धायरीहून. दाराची पाटी,
शिवण, अठरा मिलिमीटर, अक्षरं आरपार.
नाव: कुऱ्हाडे.
मुनाफ हसत हसत ढिगावर बसला.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,
आणि गोत सगळं इथं गोदामात रचलेलं.

टाइप केलं.
पाय मोडलेला र एकीकडे,
ह दुसरीकडे तोंड करून उभा,
वाटणीनंतरच्या भावांसारखे.
फॉन्ट बदलला. आता जुळले,
पण र रफार होऊन ह च्या डोक्यावर चढला.
ते दुसऱ्याच कुणाचं आडनाव.
तिसऱ्या फॉन्टात आला एकदाचा नीट,
पण जो तो आपापली शिरोरेषा घेऊन आलेला,
आणि जिथं रेघेवर रेघ चढली होती
तिथं मशीन कापणार. दोनदा. इमानदारीत.

शमिकाला फोन. ती क्लासमध्ये,
कुजबुजत म्हणाली,
काका, सगळं निवडा आणि वेल्ड दाबा.

दाबलं.
रेघ एक झाली.
वेल्डिंग मी जन्मभर बघितलं,
ठिणगीशिवाय पहिल्यांदाच.

आधी टाकाऊ प्लायवर कापून बघितलं.
सगळं सुरेख, फक्त क चं पोट सुटलं
आणि टुपकन खाली पडलं, बदामाएवढं.
त्याला धरायला दोन बारके पूल ठेवायचे असतात,
ते सॉफ्टवेअरनं विचारलं नव्हतं
आणि मी सांगितलं नव्हतं.

पाटी लागली. कुऱ्हाडेबाईंनी
पुलांवरून बोट फिरवलं, म्हणाल्या,
ही डिझाइन आहे का?
मुनाफ म्हणाला, हो.

आता बाजारातली पोरं विचारायला येतात,
काका, नवशिक्याला कुठलं बरं?
नाव मी सांगत नाही, नावं बदलत राहतात.
म्हणतो, उघड, आणि आधी आपलं आडनाव लिही.
धड उमटलं तर बस त्याच्यासमोर.
परवा एकानं लिहिलं, इंग्रजीत.
पहिल्या फटक्यात बरोबर आलं. तो उठून गेला.

क चं पोट अजून मुनाफच्या खिशात असतं.
चहाचे सुटे देताना
नाण्यांबरोबर बाहेर येतं,
आणि चहावाला ते परत करतो.