औटकी

चार अंश सेल्सिअसला मी नोकरी करते.
साउदॅम्प्टनच्या धक्क्यालगत एक गोदाम आहे,
तिथे फळ्यांवर आडवा झोपलाय अटलांटिकचा तळ:
दीड-दीड मीटरच्या नळ्या, उभ्या चिरलेल्या,
अर्धी अभ्यासाला, अर्धी जपून ठेवायची.
ग्लेनिस लेबलं लावते, मी खोली मोजते.
फेब्रुवारीत माझ्या पार्काची चेन
गळ्याशी अडायला लागली.

आईच्या गळ्यावर एक आडवी रेघ होती.
मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा मी दुसरीत.
टाके निघाल्यावर तिने सोनाराकडून
चिंचपेटी घट्ट बसवून आणली.
लग्नाकार्यात बायका म्हणत, काय शोभते गं,
ती हसून मोती बोटभर खाली सरकवे.
मला मात्र ती रेघ वाचता यायची.
रेघेच्या खाली गाणारी आई,
रेघेच्या वर घोगरी.

माझ्या वेळी रेघ नव्हतीच.
डॉक्टर आबेना क्वार्टेंगनी पडद्यावर गाठ दाखवली:
करड्यात करडं, लिंबाएवढी, थरांची,
मी सवयीने स्केल कुठे लावलीय ते शोधलं.
"कापायचं नाही. सुई घालून आतून शेकायची.
पुढचं तुमचं शरीरच बघेल,
रोज थोडी थोडी गिळेल तिला."

आधी मानेत थंडगार पाणी सोडलं,
नस आणि गाठ यांच्यामध्ये एक चिंचोळी खाडी.
मग सुई तापली. दाढेत ऊब, कानामागे ऊब,
आत कुठेतरी लाही फुटल्याचा आवाज.
"बोलत राहा. काहीही बोला.
आवाज बदलला तर मी थांबेन."

या देशात काहीही म्हणजे हवामान.
ते दीड मिनिटात संपलं.
इंग्रजी आटलं, आणि खालून
काय वर यावं, तर

एक औट औट, बे औटे सात,
तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा

साडेतीनाचा पाढा.
आईनेच घोकून घेतलेला, त्या घोगऱ्या आवाजात,
आणि हा कुणाला लागतो म्हणून मी रडलेली.

लागतो. हजार वर्षांना साडेतीन सेंटीमीटर गाळ,
माझ्या नळीचा हाच भाव आहे.
बारा औटे बेचाळीस: तिथे हिमयुग संपतं.
मिठाच्या कणाएवढे शंख
तिथवर डावीकडे वळलेले, गार पाण्याचे,
तिथून वर उजवीकडे.
त्याखाली खडे,
हिमनगांनी जाता जाता सांडलेले.
मध्येच एखाद्या किड्याचं बीळ;
आपलं पोट भरता भरता
दोनशे वर्षं इकडची तिकडे करून गेला.
त्याला काय बोलणार.

"आवाज छान आहे," डॉक्टर म्हणाल्या.
"प्रार्थना आहे का ही?"
"हिशोब," मी म्हटलं, "पंधरा औटे साडेबावन."

सुईचा ठिपका चौथ्या दिवशी पुसला.
सहा महिन्यांत लिंबाचं करवंद झालं.
चेन लागते.
थंडी वाजते, पण ती गोदामाची.

नळी तळात घुसते तेव्हा
सगळ्यात वरचा थर बहुतेकदा हुकतो.
इतका पातळ, इतका ताजा,
नळीच्या धक्क्यानेच उधळून जातो.
वीस हजार वर्षं हाती येतात,
परवाचा दिवस येत नाही.
माझ्या गळ्याचं तसंच झालं म्हणायचं.
उद्या कुणी वाचायला बसलं
तर त्याला इथे काही घडलेलं दिसणार नाही.

आईची चिंचपेटी आता माझ्याकडे असते.
परवा, ग्लेनिस जेवायला गेल्यावर,
पार्काच्या आत ती घालून
मी फळ्यांमधून पाढा म्हणत गेले.
तोंडासमोर वाफ, दोन्हीकडे समुद्र.
आवाज स्वच्छ येत होता,
रेघेच्या खालचा.