संदर्भ हवा

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी नोटांचे आकडे तपासले.
एक आकडा फिकट उठला
की अख्खा ताव बाजूला.
निवृत्तीनंतर हात मोकळे, डोळे मात्र तसेच.
पुतण्याने ज्ञानकोशाचं खातं काढून दिलं:
"काकू, इथे चुकाच चुका आहेत. मजा करा."

मी नदीचा लेख घेतला.
सातपूरकडून येते, अंबडचं सगळं पोटात घेते,
टाकळीला गोदावरीत शिरते.
नाव लिहिलं नंदिनी.
फलकावर तेच आहे, कागदातही.
सकाळी पाहते तर नासर्डी.
मी नंदिनी.
रात्री दोनला पुन्हा नासर्डी.
बदल करणारा 'पाणवठा४७',
आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
उगाच.

एकतीस वर्षांत माझ्या कामाला
कुणी उगाच म्हटलं नव्हतं.

तीन आठवडे चाललं.
चर्चापानावर मी मुद्दे मांडले, अ पासून ऊ पर्यंत.
तो ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता लिहायचा,
"ताई, नदि काय अर्ज करुन नाव बदलते का?"
मी आधी त्याची नदी दीर्घ केली,
मग उत्तर दिलं.
दुसऱ्याचं बोलणं सुधारायचं नसतं, असा नियम आहे;
तो मला अकोल्याच्या एका मुलीने दाखवला.
वीस वर्षांची. आमची पंच.
दोघांनाही एक दिवस गप्प बसवलं तिने,
परीक्षा सुरू असताना.

मग त्याने लेखात एक वाक्य घातलं:
पूर्वी रंगारी इथे कापड धूत,
तेव्हा पुलाखालून पाणी कधी जांभळं, कधी हळदी वाहे.
मी वाक्याच्या शेपटीला चिठ्ठी डकवली. संदर्भ हवा.
"माझे चुलते सांगायचे."
"चुलते प्रकाशित आहेत का?"

चार दिवस तो आला नाही.
मी दिवसातून दहादा पाहत होते,
आला नाही म्हणून नव्हे,
पुन्हा बदललं तर नाही ना म्हणून.
असं मी स्वतःला सांगत होते.

थंडीतल्या एका रात्री कुणीतरी लेखच पुसला.
नदीच्या जागी प्लॉटची जाहिरात, फोन नंबर,
"नदीकाठी, निवांत परिसर".
मी चष्मा शोधेपर्यंत लेख परत आलेला.
पाणवठा४७ ने आणला होता.
माझा. नंदिनीवाला.
माझ्या स्वल्पविरामांसकट.
त्याचा स्वतःचा एका टिचकीवर होता.

आभार मानायला धूळपाटीवर बसले.
तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

दुसऱ्या दिवशी बिटकोवरून रिक्षात बसले.
"मावशी, कुठे?"
आणि माझ्याच तोंडातून निघालं,
"नासर्डी पूल."
उपनगर गेलं, गांधीनगर गेलं,
मी पर्स घट्ट धरून,
जणू कुणी ऐकलं असेल.
पुलावर उतरले, कठड्यावरून वाकून पाहिलं.
काळं पाणी, जलपर्णी, थर्माकोलचा मखर.
जांभळं कुठेच नव्हतं. तरी बराच वेळ पाहिलं.

संध्याकाळी चर्चापानावर लिहिलं:
"माझं तोंड संदर्भ म्हणून चालेल का?"
रात्री दोनला उत्तर आलं:
"प्रकाशित आहे का?"
आणि खाली, पहिल्यांदाच, नाव.
यासिन रंगरेज. तिसरी पाळी, अंबड.

आता लेखात दोन्ही नावं आहेत.
कंसात कुणी बसायचं
हे अजून ठरलेलं नाही.
शनिवारी मी वाचनालयात जुन्या फायली चाळते,
नाकाला रुमाल बांधून,
जांभळ्या पाण्याची एक ओळ मिळते का पाहत.
मिळालेली नाही.
चिठ्ठी मी काढलेली नाही.
वाक्यही नाही.

काल त्याने 'हळदी' खोडून 'पिवळं' केलं.
किरकोळ बदल, असं लिहून.
मी हळदी परत आणलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
उगाच.