छाट

पुस्तकलाबाईचा अंगठा मशीन घेत नाही.
चाळीस वर्षं तेंदूच्या पानावर घासून
रेघा गेल्या त्याच्यावरच्या.
"जर्द्यासंग सट्टेदारानं नेल्या गा," म्हणते.
मी काच पुसतो, तिचा अंगठा पुसतो,
उजवा झाला की डावा लावून पाहतो.
मशीन म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
ती म्हणते, "तिले सांग, जन्मभर तेच करून रायली मी."

मग तिच्या मोबाइलवर नंबर येतो. सहा आकडे.
नाव पुस्तकला, पण अक्षर येत नाही,
म्हणून फोन माझ्याकडे सरकवते
आणि मी वाचेतो दाराकडे तोंड करून उभी राहते,
पदर आडवा धरून,
नदीवर पोरगी कपडे बदलताना
आई लुगडं धरून उभी राहते तशी.

मोहफुलं वाळत होती अंगणात, तेव्हा तिला फोन आला.
माणूस शुद्ध बोलणारा.
आधी ताई म्हणाला, मग आई म्हणाला,
मग म्हणाला, रात्री बाराला खातं बंद होईल.
"बारा वाजता कोन जागा रायते बँकेत?"
त्यानं घरवाल्याचं नाव विचारलं.
घरवाला जाऊन अकरा वर्षं झाली.
"ज्याले रोज भात वाढला
त्याचं नाव नाई घेतलं कधी तोंडानं,
तुले काहून सांगू?"
तरी तो गोडच बोलत राहिला.
आता नंबर येईल आई, तेवढा वाचून दाखवा.

तिच्या हातात अर्धी वळलेली बिडी होती.
बिडी चिमटीत दाबली की कळते,
आत जर्दा आहे की नुसती हवा.
"आवाजबी तसाच दाबून पाहाचा, बापू.
लय भरलेला वाटे. पोकळ होता."
फोन तिनं सुपाखाली ठेवून दिला
आणि त्याला बोलू दिलं
बारा बिड्या होईतो.

हे तिनं मला मंगळवारी सांगितलं.
मी हसलो.
माझ्या डोक्यामागे मीच चिकटवलेला कागद होता,
लाल अक्षरात : ओटीपी कुणालाही सांगू नका.

गुरुवारी मला फोन आला.
त्याला माझं नाव ठाऊक होतं, बापाचं ठाऊक होतं,
मागच्या महिन्याचं वीजबिलसुद्धा,
रुपये सातशे बारा.
इतकं ठाऊक असलेला माणूस परका कसा असेल?
मी, बी. कॉम., तुमसरच्या कॉलेजातला,
सहा आकडे स्पष्ट उच्चारात सांगितले.
नीट ऐकू आलं नाही म्हणाला,
तर पुन्हा सांगितले.

एकतीस हजार चारशे.
एकोणीसशे तीसला फोन लावला,
तक्रारीचा क्रमांक मिळाला, तोही लांबलचक.
तो कुणाला सांगायचा, कुणाला नाही,
ते विचारायचं राहिलं.
घरी अजून बोललो नाही.
सट्टेदाराच्या ओट्यावर
त्या दिवशी मी छाटीत गेलो असतो,
पहिल्याच चिमटीत.

सोमवारी ती पुन्हा आली.
काच पुसली, अंगठा पुसला, पुन्हा प्रयत्न केला.
नंबर आला, तिनं फोन सरकवला.
मी परत तिच्याकडे सरकवला.
मावशी, तुमचा तुम्ही वाचा.
"येडा झाला का गा?"
हा सात पाहा, विळ्यासारखा.
हा चार, पाय तुटलेली खुर्ची.
हा शून्य, तो तर तुम्हाला येतोच.
"येते ना," म्हणाली, "लय दिवसापासून येते."

तिसऱ्या आकड्यावर वेळ संपली.
रांगेतला डुमन्या पानवाला ओरडला,
शाळा उघडली का बे इथं?
आम्ही नंबर पुन्हा मागवला.
ती काऊंटरवर वाकली, ओठ हलवत,
तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट एकेका आकड्याखाली धरून.

मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो.
मला पदर नाही,
म्हणून पाठच आडवी केली.
मागून बटणांचे आवाज येत होते.
एक. मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.