फुंकर

रुवीच्या मागच्या गल्लीत, शिंप्याला लागून
आमचं दुकान. दोन टेबलं, एक ब्लोअर,
आणि लॅपटॉप उघडला की आतून निघणारं वाळवंट.
पिठासारखं बारीक, रॅमच्या खाचेत बसलेलं.
पंखे दमेकऱ्यासारखे धापा टाकत येतात.
मी त्यांना दाराबाहेर नेतो, ब्लोअर मारतो,
शिंपी आतून ओरडतो,
माझ्या पांढऱ्या दिशदाशांवर नको!
हे रोजचं.

पार्टला पैसे पडतात, मतं फुकट.
वांगडे बंदरावर क्रेन चालवतात.
स्टुलावर बसून सांगतात, जुनी मशीनं लोखंडी होती,
पायावर पडली तर पाय मोडायचा, मशीन नाही.
बिजूचं म्हणणं, पैसा घालायचा तर एसएसडीत घाल,
प्रोसेसर म्हणजे वरातीतला बँड, नुसता आवाज.
झरीफखान राउटरचे दोन्ही अँटेना
मर्दानच्या दिशेला वळवतो
आणि शपथेवर सांगतो, फरक पडतो.
केबल समुद्रात कुठेतरी तुटली त्या आठवड्यात
गल्लीत सगळेच दर्यावर्दी झाले.
कोणी म्हणे शार्क, कोणी म्हणे कारस्थान.
वांगडे म्हणाले, नांगर.
टाकणाऱ्याला मी ओळखतही असेन.

नियमांवर मात्र सगळे हळू बोलतात.
ज्या ॲपवर अख्खं गाव सकाळी गुलाब पाठवतं
त्यावर निरोप जातो, फोटो जातो,
कॉल जात नाही.
घंटा वाजते, पलीकडे उचलतात, मग
जोडत आहे
जोडत आहे
बिजू म्हणतो, टेलिफोन कंपनीचं पोट.
झरीफखान म्हणतो, सुरक्षा असणार, उगीच कोण अडवेल?
पळवाट टाकून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं येतात,
मी नाही म्हणतो. दंड किती,
ते प्रत्येक जण वेगळं सांगतो.
मालक साल्मीन कॉफी ओततो, खजूर पुढे सरकवतो:
माझा पोरगा मँचेस्टरला शिकतो.
मलाही लागत नाही.

माझं मत?
कोणी विचारलेलं नाही.
मी चिपवर पेस्ट लावतो, तांदळाच्या दाण्याएवढी.
जास्त लावणारे आणि जास्त बोलणारे,
दोघांचंही तापतं.

परवा दुपारी देवरुखहून बायकोचा आवाज आला,
साठवलेला, अकरा सेकंदांचा.
ओवी सायकलवरून पडली. गुडघा.
मागे रडणं, आणि रडण्यातून एकदम स्वच्छ:
बाबाला सांग फुंकर घालायला.
कार्ड घालून साधा फोन लावता आला असता.
पण तिला गुडघा दाखवायचा होता.
मी व्हिडिओचं बटण दाबलं, माहीत असून.
जोडत आहे.
मग फोटो आला. रक्त थोडं, जांभ्याची माती फार,
कोणतं काय ते नीट कळेना.

माझ्या डाव्या हातात ब्लोअर होता,
साडेसहाशे वॉटचा, दिवसाला वीस मशीनं फुंकणारा.
तो खाली ठेवला.
संडासात गेलो, कडी लावली,
माइक ओठांशी धरला आणि घातली.
सात सेकंद.
शेवटी खोकला आला, सकाळपासूनची धूळ.
तो भाग कापता आला असता. नाही कापला.
एक टिक.
बराच वेळ एकच टिक.

बाहेर वांगडे थांबलेच होते,
काय रे, बत्तीस टाकू की चौसष्ट?
म्हटलं, तुम्ही नातवाचे फोटो बघता, काका.
सोळा पुरे.
ते जरा रुसले.

उत्तर आलं रात्री, शटर ओढताना.
बाबा, खोकला नको.
परत घाल.