ओढ आणि चढ

सेल्समनचं नाव वेंडेल. वेंडेल म्हणाला,
"आधी सांगा, चढायचं की ओढायचं?"
मी म्हटलं, दोन्ही.
तो हसला. एल्कोमधले सगळेच असे हसतात
गिऱ्हाईक दोन्ही डगरींवर हात ठेवू पाहतं तेव्हा.

मोठा ट्रक घ्या, म्हणाला.
मोठा मी पाहिलाय, शेजारच्या ऑलगुडचा,
रूबी डोंगराच्या वरच्या वाटेवर
दोन खडकांत बुचासारखा ठोकलेला, दोन्ही आरसे गेलेले.
आणि छोटी जीपही पाहिलीय,
उतारावर घोड्यांच्या ट्रेलरनेच तिला
पुढे हाकलत नेलेली.

म्हणून मधला.
मी घरातली मधली. मला ठाऊक आहे ते माप:
थोरलीचं जोखड आणि धाकटीच्या उड्या,
दोन्ही एकीच्याच नावावर.

माझी गरज फार नाही.
जूनमध्ये मेंढपाळाचं चाकांवरचं घर वर न्यायचं,
लोखंडी चूल, पाण्याची पिंपं, फेलिसियानोचे बटाटे,
सगळं मिळून एकतीसशे पौंड.
ते कुरणाच्या तोंडाशी सोडायचं
आणि पुढे नुसत्या गाडीने, ओल्या खडकांवरून,
वरच्या झऱ्यापर्यंत. दर आठवड्याला मीठ, बॅटऱ्या,
येताना कधी एखादी लंगडी मेंढी.

वेंडेल आकडे वाचतो.
पुढच्या-मागच्या चाकांत अंतर लांब, तर ओढताना गाडी शांत,
तेच लांब पोट मग दगडावर घासतं.
स्प्रिंगा मऊ, तर चाकं खडक चाचपत जातात
आंधळ्याच्या बोटांसारखी,
पण मागे वजन टाका, की गाडी उंटासारखी बसते
आणि दिवे थेट आभाळात.
"सगळं एकीत मिळत नाही, बाई."
एवढं एकच वाक्य तो कागदात न बघता बोलला.

वडील आले होते. बेन्याट एचेगोयेन, वय एक्क्याऐंशी.
एकाही गाडीत बसले नाहीत.
प्रत्येकीच्या मागच्या बंपरवर चढून
टोपी सांभाळत दोनदा उडी मारली,
आणि काही बोलले नाहीत.

ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला इथे जीभ म्हणतात.
जिभेवर भार कमी पडला तर ट्रेलर झोकांड्या खातो,
जास्त झाला तर स्टिअरिंग हलकं होतं.
दहात एक भाग, फार तर दीड.
वडिलांनी हे माप बोलण्यालाही लावलं:
दहा गोष्टी मनात, एक जिभेवर.
आईने त्यावर चाळीस वर्षं काढली.

नव्या चार बघून झाल्या.
पाचवी कोपऱ्यात, मातकट हिरवी, नऊ वर्षांची,
दाराला पोचा,
मागचा डिफरन्शियल लॉक करायचं बटण झिजलेलं,
म्हणजे कोणीतरी ते खरंच दाबलेलं.
ऊन डोळ्यांवर आलं म्हणून काचेवरची झडप खाली ओढली.
आत पेन्सिलीने, बारीक तिरकं अक्षर:

बोट, भरलेली, २८००. ठीक.
घोडी आणि शिंगरू, ३६००. ठीक, सावकाश.
ऑगस्ट. घाटातून, ४९००.
आणि खाली, दोनदा गिरवून: पुन्हा नाही.

वेंडेलच्या कागदावर होतं सहा हजार चारशे.

वडिलांनी चष्मा काढून वाचलं, ओठ हलवत.
"कोणाची होती?"
वेंडेलला माहीत नव्हतं. लिलावातून आलेली.
या वेळी उडी नाही. ते बंपरवर नुसते बसले,
पाय सैल सोडून,
आणि इंग्रजीत म्हणाले, वेंडेललाही कळावं म्हणून,
"हिला नाही म्हणता येतं."

घासाघीस दुपारपर्यंत चालली.
शेवटी वेंडेलने विचारलं, झडपेवरचं पुसून देऊ का?
मी झडप मिटून घेतली.

नऊ जून. कुरणाच्या तोंडाशी
फेलिसियानोने चाकूने टोक काढून पेन्सिल दिली.
मेंढपाळाचं घर, ३१००, मी लिहिलं.
"ठीक" लिहिण्याआधी हात थांबला.
घर सुटलं होतं, झरा अजून वर होता,
आणि ओल्या खडकाचं वजन कसं मांडायचं
ते त्या अनोळखी माणसाने
कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.