हाताला हाडं असतात

जिभेला हाड नसतं, असं आपण सहज म्हणतो.
माझ्या एकेका हातात सत्तावीस आहेत.
शनिवारी संध्याकाळी, कोरोनेलच्या धक्क्यावर,
मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, काळा सदरा घालून,
मी ती चौपन्न हाडं
बाल्तासार मुनितांना भाड्याने दिली होती.

पक्षाध्यक्ष मुनिता. फटकळ माणूस.
स्वतःच सांगतात, मला गोड बोलता येत नाही,
आणि लोक टाळ्या वाजवतात,
जणू ही एक पदवी आहे
आणि ती त्यांनी कर्ज काढून मिळवली.

भाषणाचा कागद मला आदल्या दिवशीच मिळाला होता.
त्यात बंदर होतं, रोजगार होता, नवा रस्ता होता.
तिसऱ्या मिनिटाला त्यांनी तो खिशात घातला.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"या गावात दोनच गोष्टी कुजतात," ते म्हणाले,
"मासळी आणि माणसं.
मासळी निदान पहाटे बंदरावर येते तरी."

हशा.
मी नेहमीच दोन सेकंद मागे असते.
त्यामुळे हशा पिकला तेव्हा
माझ्या हातात माणसं अजून कुजायची होती.

तोंडातून शब्द सुटला की सुटला.
हातांच्या भाषेत तो ठेवावा लागतो, जागा बघून.
मी सुरुवातीलाच 'गाव' माझ्या उजवीकडे ठेवलं होतं,
हवेत, खांद्याच्या उंचीवर.
आता 'माणसं' म्हणताना बोट तिकडेच न्यायचं होतं
आणि तिकडे, पहिल्या रांगेत,
एलेउतेरिओ बसले होते.
मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात एकतीस वर्षं;
यंत्रांच्या आवाजाचा त्रास न झालेला एकमेव कामगार.

बोट पुरत नाही. चेहराही लागतो.
आमच्याकडे चेहरा म्हणजे व्याकरण,
नाक मुरडल्याशिवाय कुजणं पुरं होत नाही.
मी नाक मुरडलं.
त्यांच्याकडे बघून.

सोमवारपर्यंत सगळ्या देशाने ते पाहिलं,
पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोलात मीही होते, बशीएवढी.
पॅकिंगवाल्या बायकांनी पक्षाच्या दारात
सार्डिनच्या बादल्या ओतल्या.
स्टुडिओत एका पाहुण्याने 'धाडस' हा शब्द चारदा वापरला.
फोनवर बहीण म्हणाली, निदान खरं बोलतो गं तो.
मी विचारलं, कुठलं खरं?
ती म्हणाली, अगं, म्हणजे... बोलतो तरी.

बुधवारी खुलासा.
तोच काळा सदरा, इस्त्री करून.
"माझ्या वक्तव्याचा विपर्यास झाला."

'झाला' म्हणायला जिभेला काही पडत नाही.
कुणी केला ते न सांगताच वाक्य मिटतं,
वाऱ्याने दार लागावं तसं.
हातांना मात्र दिशा द्यावी लागते:
कुठून? कुणाकडे?
पिळणारा कोण?
ओलं फडकं पिळावं तशा मी मुठी धरल्या
आणि ते दोन सेकंद, जे माझे असतात,
तशाच धरून राहिले.

मग पीळ सुरू केला तो
मुनिता उभे होते त्या बाजूने.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
पत्रकार माना खाली घालून लिहीत होते,
मुनिता पुढच्या वाक्यावर गेले होते,
त्यात आईची शपथ होती.
मी तीही घेतली.
पावतीवर लिहिलं: दोन तास. प्रवासभत्ता वेगळा.

बसथांब्यावर एलेउतेरिओ दिसले.
मी हात खिशातून काढले नाहीत,
आमच्यात यालाच अबोला म्हणतात.
ते जवळ आले. विचारलं, लोताची बस गेली का?
मग हात काढावेच लागले. गेली, म्हटलं.

त्यांनी माझ्या उजवीकडची हवा
तळहाताने एकदा पुसली,
फळ्यावरून डस्टर फिरवावा तशी,
आणि तिथे एक बस ठेवली,
पुढची,
सव्वासातची.